टीम कोचिंगचं काम वाढवायचंय, पण गिऱ्हाईक मागतं एका दिवसाची कार्यशाळा

कोरा_फळा

नमस्कार मंडळी. बरेच महिने इथे नुसती वाचत होते. आज लिहायला बसले, कारण शुक्रवारपर्यंत एका कंपनीला उत्तर द्यायचं आहे आणि मन ठरत नाहीये.

आधी थोडं स्वतःबद्दल. मुलुंडला राहते. एका विमा कंपनीच्या बॅक ऑफिसात १९ वर्षं काढली, शेवटची सात मॅनेजर म्हणून. तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडली, कोचिंगचं रीतसर शिक्षण घेतलं आणि आता कंपन्यांतल्या टीमबरोबर काम करते. नात्यात कुणाला "मी कोच आहे" म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "दहावीचे क्लास की बारावीचे?" आपल्याकडे कोचिंग म्हणजे क्लास, त्यामुळे त्यांचं काही चुकत नाही. म्हणून माझं काम एका प्रसंगातूनच सांगते.

अंधेरी एमआयडीसीतली मालवाहतुकीची कंपनी. ऑपरेशन्सची नऊ जणांची टीम. मालकांची तक्रार एकच, "पोरं जबाबदारी घेत नाहीत." मी म्हटलं, आधी मला तुमच्या सोमवारच्या मीटिंगला नुसतं बसू द्या. कोपऱ्यातल्या खुर्चीवर वही घेऊन बसले. वहीत टेबलाचं चित्र काढलं, त्याभोवती माणसागणिक एक गोल, आणि जो बोलेल त्याच्या गोलाशेजारी एक रेघ. विभागप्रमुख टेबलाच्या टोकाला, फोन समोर ठेवलेला. पाऊण तासात त्यांच्या गोलाशेजारी रेघांना जागा उरली नाही, मी खालच्या ओळीत उतरले. चार गोल कोरेच राहिले. शिवाय रेघांत न मावणारी एक गोष्ट दिसली. कुणाला काही बोलायचं असलं की तो आधी साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायचा, मग खाली वहीत बघायचा, आणि विषय तिथेच राहायचा.

मीटिंग झाल्यावर वही साहेबांपुढे ठेवली. काही बोलले नाही. त्यांनी बराच वेळ पान बघितलं आणि विचारलं, "हा कोरा गोल कुणाचा?" तो वसईहून येणाऱ्या डिस्पॅचच्या मुलाचा होता. पुढच्या सोमवारी सगळ्यांत शेवटी बोलायचं त्यांनी कबूल केलं. त्या दिवशी त्यांनी प्रश्न टाकला आणि थांबले. कुणी बोलेना. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते, २२ सेकंद गेले. मग तो मुलगा म्हणाला, "सर, गाडी सुटली की मी माझ्या शीटमध्ये भरतो आणि बिलिंगवाले त्यांच्या शीटमध्ये परत भरतात. दोन्ही कधी जुळत नाहीत. रोज संध्याकाळी मी तासभर तेच जुळवत बसतो."

दोन वर्षं हे चाललं होतं. "जबाबदारी घेत नाहीत" म्हणतात त्याच्या तळाशी ही दोन शीट होती. ती मी शोधली नाहीत, मला डिस्पॅचमधलं काही कळतही नाही. बोलायला जागा झाली आणि ज्याला ठाऊक होतं त्याने सांगितलं. हे काम मला मनापासून आवडतं आणि आयुष्यभर करायचं आहे.

आता अडचण. अंधेरीसारखं काम तीन वर्षांत तीनच कंपन्यांनी दिलं. बाकी सगळ्यांना हवी असते एक दिवसाची कार्यशाळा. कर्जतचा रिसॉर्ट, ४० माणसं, सकाळी खेळ, दुपारी भाषण, संध्याकाळी ग्रुप फोटो. लोअर परळच्या एका कंपनीने आत्ता तेच मागितलंय. "आधी हे करा, मग पुढचं बघू" असं एचआरच्या मॅडम म्हणतात. पैसे मिळतात, पण सोमवारी ऑफिसात काहीही बदललेलं नसतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नाही म्हणावं तर घरखर्च आहे. हो म्हणावं तर पुढची तीन वर्षंही अशीच जातील. या धंद्यातले, किंवा टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलेले, कुणी असतील तर मोकळेपणाने सांगा.

जमाखर्च

ताई, मी दादरला सीए आहे. माझे बरेच अशील एकट्याने सल्लागारी करणारे आहेत. मला कोचिंगमधलं कळत नाही, पण मत देण्याआधी आकडे हवेत. अंधेरीच्या कामाला फी किती घेतलीत, तास किती गेले, आणि कर्जतच्या दिवसाला फी किती आणि तास किती? प्रवास धरून सांगा. तो कुणीच धरत नाही.

कोरा_फळा

बरं झालं विचारलंत, कधी मांडलंच नव्हतं. आत्ता डायरी काढून बघितलं.

अंधेरी, सहा महिने, फी ३,२०,०००. प्रत्येकाशी एकट्याने बोलणं ७ तास. अर्ध्या दिवसाच्या दोन बैठका, ८ तास. त्यांच्या १० मीटिंगांना बसणं, १५ तास. मीटिंगनंतर टीमबरोबर थांबून बोलणं, ५. साहेबांबरोबर आठ वेळा एकेक तास. तयारी आणि लिखाण २० तास. फेऱ्या १६ झाल्या. मुलुंडहून घाटकोपर लोकलने, तिथून मेट्रो आणि पुढे रिक्षा, म्हणजे जाऊन-येऊन अडीच तास.

कर्जत, फी ३०,०००. तयारी १०, तिथे ८, प्रवास ५.

जमाखर्च

म्हणजे अंधेरीला कामाचे ६३ तास आणि प्रवासाचे ४०. एकूण १०३, तासाला साधारण ३,१०० रुपये. कर्जतला २३ तास, तासाला १,३०० रुपये. ज्या कामाने घर चालतं असं तुम्हाला वाटतंय, ते निम्म्याहूनही कमी देतंय.

दुसरं बघा. अंधेरीच्या पाच तासांतले दोन तास रेल्वे, मेट्रो आणि रिक्षात गेले. मुंबईत एकट्याने धंदा करणाऱ्याचा खरा माल म्हणजे त्याचे तास, आणि ते सगळ्यांत जास्त प्रवास खातो. माझे एक अशील गिऱ्हाईक निवडताना आधी स्टेशन बघतात. ठाणे, घाटकोपर, विक्रोळी, पवई, ऐरोली या पट्ट्यात कंपन्यांना तोटा नाही. तिथली कामं मिळाली तर प्रवासाचे बरेच तास वाचतील. जीएसटी आणि वसुलीचं सविस्तर लिहायचंय, पण आत्ता रिटर्नची गडबड आहे, रात्री लिहितो.

थर_पाचवा

कोचिंग वगैरे माहीत नाही, पण तुमची ती वही वाचून राहवलं नाही. मी लालबागचा. १४ वर्षं गोविंदा पथकात होतो, गुडघा गेल्यावर आता खाली उभा राहून शिकवतो.

गुरुपौर्णिमेला नारळ फोडून सराव सुरू होतो. तळाच्या थराच्या खांद्यावर सगळं वजन येतं, पण त्याला वरचं काही दिसत नाही. मान खाली, डोळे जमिनीकडे. मधल्याला फक्त पायाखालचे खांदे कळतात. वरच्या पोराला हंडी दिसते, तळ दिसत नाही. म्हणून एक माणूस बाहेर लागतो. त्याच्या खांद्यावर कुणीही नसतं, म्हणून त्याला सगळं दिसतं. "डावा सरकलाय, थांब", "घाई नको, श्वास घे" एवढंच तो बोलतो. तो मध्ये घुसून थर सावरायला गेला तर थर कोसळतो. तुमची कोपऱ्यातली खुर्ची म्हणजे तीच जागा, असं मला वाटलं.

आणखी एक. आमच्याकडे पोरांना आधी थर उतरवायला शिकवतात. लावता येतो पण उतरवता येत नाही, अशा पथकाने सलामीही देऊ नये. तुम्ही सहा महिन्यांनी निघून गेल्यावर त्या टीमचं काय होतं, ते तुम्ही बघता का?

पाळी_तिसरी

थोडं कडू लिहितोय, राग मानू नका ताई.

मी मालाडला कॉल सेंटरमध्ये टीम लीड आहे. गेल्या वर्षी आमच्याकडे कोच आणले होते. माणूस चांगला होता, आवाज शांत. आम्हाला वर्तुळात बसवून विचारलं, "तुम्हाला काय अडवतंय?" आम्ही खरं सांगितलं. २२ जणांचं काम १५ जण करतायत. सहाजण गेले, एक रजेवर, जागा भरल्या नाहीत. रात्री अडीचच्या पिकअपची गाडी पाऊण तास उशिरा येते. तो म्हणाला, "यातलं तुमच्या हातात काय आहे ते बघू या." शेवटी भिंतीवर आम्ही लिहिलेल्या रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या आणि एचआरने त्याचे फोटो काढले. माणसं आली नाहीत. गाडी अजून उशिराच येते.

माझ्या टीममधली एक मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा बोलली होती. त्यानंतर ती कुठल्याच मीटिंगमध्ये बोललेली नाही. तुम्ही लिहिता ना, गप्प माणसाने तोंड उघडलं. त्याने तोंड उघडल्यावर वरच्यांनी काहीच केलं नाही तर तो पहिल्यापेक्षा जास्त गप्प होतो. तुमच्या लोकांनी याचा विचार करावा, एवढंच.

कोरा_फळा

@पाळी_तिसरी, राग कसला मानायचा. तुमचं पोस्ट दोनदा वाचलं आणि मग उठून थोडा वेळ गॅलरीत उभी राहिले.

तुम्ही म्हणता ते अभ्यासातही दिसलेलं आहे. रुथ वेजमन नावाच्या संशोधक आहेत. त्यांनी झेरॉक्स कंपनीत मशीन दुरुस्त करणाऱ्या ४३ टीम पाहिल्या आणि २००१ साली निष्कर्ष छापला. टीमची घडण धड आहे की नाही, म्हणजे काम स्पष्ट आहे का, माणसं पुरेशी आणि योग्य आहेत का, साधनं मिळतात का, याचा परिणाम साहेबाच्या कोचिंगपेक्षा कितीतरी मोठा निघाला. चांगल्या घडणीच्या टीमला चांगल्या कोचिंगचा फायदा झाला. घडणच बिघडलेली असेल तिथे कितीही चांगलं कोचिंग करा, फार काही हाती लागत नाही. १५ जणांकडून २२ जणांचं काम होत नसेल तर त्यावर उपाय माणसं भरण्याचा आहे, वर्तुळात बसवण्याचा नाही. त्या कोचने हे कंपनीला तोंडावर सांगायला हवं होतं. मी प्रत्येक वेळी सांगितलंय असं मलाही म्हणता येणार नाही.

आणि एक चूक आहे, ती इथे लिहिते. दुसऱ्या वर्षी एका कंपनीत मी टीमच्या सगळ्यांशी एकेकट्याने बोलले आणि अहवाल दिला. नावं घातली नव्हती. पण एक वाक्य जसंच्या तसं उतरवलं होतं, आणि ते वाक्य त्या ऑफिसात एकच माणूस बोलू शकत होता. पुढच्या महिन्यात त्याची बदली झाली. कारण दुसरंच दाखवलं. त्याने मला फोन केला नाही, मीच केला. तो म्हणाला, "मॅडम, मला तुमचा राग नाही, पण मी आता कुणाशी बोलणार नाही." हे शब्द अजून कानात आहेत.

तेव्हापासून कुणाचंही वाक्य अहवालात जात नाही. खरं तर अहवालच जात नाही. जे सापडतं ते आधी टीमसमोर मांडते, आणि वर काय सांगायचं ते टीम ठरवते. हे करारात लिहून घेते. एका कंपनीने यावरून काम नाकारलं, ते मी जाऊ दिलं.

@थर_पाचवा, दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे. निघाल्यावर मी बघितलेलं नाही. आता बघेन.

ओव्हर_घेतला

मी परळच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, २१ वर्षं झाली. विषय कंपन्यांचा आहे, पण गप्प बसण्यावरून आठवलं म्हणून लिहिते.

आमच्या एका वर्कशॉपमध्ये एमी एडमंडसन या संशोधक बाईंच्या अभ्यासाबद्दल सांगितलं होतं. ज्या वॉर्डांत टीम चांगली तिथे औषधांच्या चुका कमी, असं निघेल हा त्यांचा अंदाज. निघालं उलटं, चांगल्या टीमच्या नोंदींत चुका जास्त. नंतर उलगडा झाला. तिथे चुका जास्त होत होत्या असं नाही, तिथे त्या लपवल्या जात नव्हत्या. आमच्याकडे हे ऐकून सगळ्या सिस्टर एकमेकींकडे बघायला लागल्या, कारण प्रत्येकीला आपापला वॉर्ड दिसला.

आमची जुनी इन्चार्ज सिस्टर ओव्हर देता-घेताना, म्हणजे पाळी बदलताना वॉर्डची माहिती पुढच्या पाळीला देताना, रोज स्वतःपासून सुरुवात करायची. "आज माझ्याकडून सहाचं इंजेक्शन वीस मिनिटं लेट गेलं, डॉक्टरांना सांगितलंय, कागदावर लिहिलंय." एवढंच. दोन महिन्यांत नव्या मुलीही आपणहून सांगायला लागल्या. तिने कधी कुणाला "मोकळेपणाने बोला" म्हटलं नाही. ती रिटायर झाल्यावर नवीन बाई आल्या, त्यांनी चुकांचं वेगळं रजिस्टर केलं आणि प्रत्येक नोंदीवर खुलासा मागायला सुरुवात केली. महिनाभरात रजिस्टर कोरं. वॉर्ड तोच, पेशंट तेवढेच.

ताई, तुम्ही टीमबरोबर काम करता, पण मला वाटतं खरं काम त्या एका माणसाबरोबर असतं, ज्याच्या चेहऱ्याकडे सगळे बघतात.

कट्ट्यावरचा

मुंबईत कोच म्हटलं की डोळ्यासमोर शिवाजी पार्कात आचरेकर सर येतात. स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवायचे, सचिन बाद न होता राहिला तर नाणं त्याचं. १९९० साली द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. मला प्रामाणिक शंका आहे. सरांना क्रिकेट पोरांपेक्षा जास्त कळायचं, म्हणून ते कोच. ताई म्हणतात त्यांना डिस्पॅचमधलं कळत नाही. मग कंपनीने कशाचे पैसे द्यायचे?

सतरंजी

या शंकेवर थोडं लांबलचक लिहितो, कारण १२ वर्षं हाच प्रश्न मला प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाने विचारलाय. मी ठाण्याचा, आधी इंजिनिअरिंग कंपनीत प्लँट मॅनेजर, आता पूर्णवेळ टीम कोच.

सर शिकवत होते. फलंदाजी कशी करायची हे त्यांना ठाऊक होतं आणि मुलाला नव्हतं. ऑफिसात उलट असतं. डिस्पॅच कसं चालतं हे त्या वसईच्या मुलाला जगात सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे. त्याचं ज्ञान टेबलावर का येत नाही, आणि आलं तर त्यावर निर्णय का होत नाही, एवढ्याचं ज्ञान आपल्याकडे हवं. कंपनी पैसे त्याचे देते. ज्याला टीमला काही शिकवायचंय त्याने प्रशिक्षक म्हणून जावं, तेही चांगलं काम आहे, पण ते वेगळं.

आता ताईंच्या मूळ प्रश्नाकडे. कार्यशाळा वाईट नाही, तिची वेळ चुकते. रिचर्ड हॅकमन आणि याच वेजमन यांनी २००५ साली मांडलंय की टीमला कोचिंग कधी लागू पडतं याच्या वेळा असतात. सुरुवातीला लोकांना ओढ लागते ती हे काम कशासाठी आणि कुणाबरोबर करायचं याची. मध्यावर लोक कामाच्या पद्धतीबद्दल ऐकून घेतात. शेवटी, काम पार पडल्यावर, काय शिकलो यावर बोलायला मन रिकामं असतं. त्याआधी १९८८ मध्ये कॉनी गर्सिक यांनी दाखवलं होतं की मुदत असलेल्या कामात टीम अर्ध्या मुदतीच्या आसपास खडबडून जागी होते आणि पद्धत बदलते. मी प्लँटमध्ये होतो तेव्हा हे कितीदा पाहिलंय. शटडाऊनचं, म्हणजे दुरुस्तीसाठी प्लँट बंद ठेवण्याचं, तीन महिन्यांचं नियोजन असेल तर पहिला दीड महिना सगळे आपापल्या कोपऱ्यात, आणि मग एका सकाळी कुणीतरी कॅलेंडर बघतं.

त्यामुळे मी कंपनीला विचारतो, "ही टीम आत्ता कुठल्या कामाच्या कितव्या टप्प्यावर आहे?" नवीन प्रकल्प सुरू होतोय, नवे प्रमुख आलेत, दोन विभाग एकत्र होतायत, असं काही असेल तर तो एक दिवस सोन्याचा. नुसतं बजेट मार्चपर्यंत संपवायचंय म्हणून असेल तर मी नम्रपणे नको म्हणतो. लोअर परळच्या मॅडमना हे विचारलंत का?

धंदा कसा वाढला तेही सांगतो. पहिली चार वर्षं मी सगळं घेतलं आणि थकलो. मग ठरवलं, एका वेळी तीन टीम, चौथी नाही. प्रत्येक नव्या चौकशीला आधी दोन गोष्टी मागायच्या: प्रमुखांबरोबर एक तास, आणि त्यांच्या एका नेहमीच्या मीटिंगला कोपऱ्यात खुर्ची. याचे पैसे घ्यायचे, थोडे का असेना. फुकट दिलेलं निरीक्षण कुणी गंभीरपणे घेत नाही. या भेटीनंतर निम्म्या ठिकाणी मी सांगतो की तुम्हाला कोच नको, तुम्हाला माणसं भरायला हवीत किंवा दोन विभागांतला वाद वरून सोडवायला हवा. @पाळी_तिसरी, हे वाचून तुम्हाला बरं वाटावं. आणि गंमत नाही, मला सगळ्यांत जास्त कामं ज्यांना मी "नको" म्हटलं त्यांनीच पाठवली आहेत.

प्रमाणपत्राबद्दलही विचारतात नवे लोक. आपल्या देशात कोच म्हणवून घ्यायला कुठलाही परवाना लागत नाही, म्हणून गिऱ्हाईक सावध असतं आणि ते योग्यच आहे. आयसीएफ (इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशन) ही कोचेसची १९९५ पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था. तिच्या पहिल्या पायरीला ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा अनुभव लागतो, पुढच्या पायरीला १२५ आणि ५००, आणि टीम कोचिंगचं त्यांचं वेगळं प्रमाणपत्र आहे. मोठ्या कंपन्यांच्या दारातून आत जायला त्याचा उपयोग होतो. आत गेल्यावर तुमची वही उपयोगी पडते.

आणि भाषा. मुंबईतल्या ऑफिसात मीटिंग इंग्रजीत, भांडण हिंदीत आणि चहाच्या टपरीवरचं खरं बोलणं मराठीत किंवा गुजरातीत. मी पहिल्याच बैठकीत सांगतो, ज्याला ज्या भाषेत सुचेल त्यात बोला. अंबरनाथच्या एका कारखान्यात १८ वर्षं गप्प असलेला फोरमन मराठीत सलग दहा मिनिटं बोलला, आणि मालकाने पहिल्यांदा वही उघडून लिहून घेतलं. मालक-चालक असलेल्या मध्यम कारखान्यांकडे आपल्यातले फार कमी कोच जातात. तिथे निर्णय घेणारा माणूस समोरच बसलेला असतो. ताई, तुमचं पुढचं काम मला तिथे दिसतंय.

जमाखर्च

आलो. फी आणि वसुलीचं लिहितो, कारण चांगलं काम करणारे लोक इथेच मार खातात.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की सेवा देणाऱ्याला महाराष्ट्रात जीएसटी नोंदणी लागते, आणि तुमच्या कामावर दर १८ टक्के. एका वेळी तीन, सहा महिन्यांच्या हिशेबाने वर्षाला सहा टीम केल्या, ३,२०,००० प्रत्येकी, तर १९,२०,००० होतात. वर तीन कार्यशाळा घेतल्यात की २० लाख ओलांडलेच. उलाढाल सगळी मिळून धरतात, हे लक्षात ठेवा. कंपनीला त्या कराचं क्रेडिट बहुधा मिळतं, म्हणजे तो त्यांच्या स्वतःच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे त्यांना तो जड जात नाही. त्यामुळे फी सांगताना "अधिक जीएसटी, लागू असल्यास" असं पहिल्यापासून लिहा. टीडीएस, म्हणजे फीतून आधीच कापला जाणारा आयकर, बहुतेक कंपन्या १० टक्के कापतात, तो जीएसटी सोडून मूळ फीवर कापला जातोय ना ते बघा.

आता मुख्य. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करा, आजच. सरकारी पोर्टलवर ती मोफत आहे, एजंटला पैसे देऊ नका. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं. २०२३ च्या वित्त कायद्याने आयकरातही बदल केला. ही मुदत पाळली नाही तर तो खर्च कंपनीला प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा करता येत नाही. त्यामुळे मार्चच्या आत त्यांचे अकाउंट्सवाले स्वतः फोन करतात. बिलावर उद्यम क्रमांक छापा.

आणि फी टप्प्यांत घ्या. पहिला हप्ता सुरू करण्याआधी.

कोरा_फळा

सगळ्यांचे आभार. दोन रात्री जागून वाचलं, मग काल लोअर परळच्या मॅडमना फोन केला. सतरंजी दादांचा प्रश्न जसाच्या तसा विचारला: ही टीम कुठल्या कामाच्या कितव्या टप्प्यावर आहे?

त्या जरा थांबल्या. मग म्हणाल्या, ४० जणांची एक टीम नाहीच आहे, चार टीम आहेत. त्यातल्या दोन पुढच्या महिन्यात एका प्रमुखाखाली येणार आहेत, आणि लोकांना हे अजून सांगितलेलं नाही. कर्जतला खेळ संपल्यावर ते जाहीर करायचा बेत होता.

मी म्हटलं, तसं करू नका. आधी त्या नव्या प्रमुखांनी दोन्ही टीमना ऑफिसातच, त्यांच्या जागेवर, स्वतः सांगू दे. कुणाची खुर्ची जाणार असेल तर तेही सांगू दे. मग मी येते. ४० जणांसाठी नाही, त्या १७ जणांसाठी. पहिला दिवस कर्जतला नको, तुमच्याच ऑफिसात. आणि त्यानंतर तीन महिने दर पंधरवड्याला त्यांच्या मीटिंगला.

सहा महिन्यांना त्या तयार नव्हत्या, तीनवर जमलं. फी १,७०,००० अधिक जीएसटी, लागू असल्यास, पहिला हप्ता आधी. अहवाल देणार नाही हे वाचून त्यांच्या कायदा विभागाने एकदा फोन केला, दुसऱ्यांदा केला नाही. शेवटच्या पानावर थर_पाचवा दादांमुळे एक ओळ घातली आहे: काम संपल्यावर ६० दिवसांनी मी एकदा येऊन मीटिंगला बसेन, त्याचे पैसे याच फीत धरलेले आहेत.

नव्या प्रमुखांशी आज सकाळी पहिला तास झाला. ओव्हर_घेतला ताईंच्या इन्चार्ज सिस्टरची गोष्ट त्यांना सांगितली, रुग्णालयाचं काहीही न सांगता. त्यांनी विचारलं, "मी पहिल्या दिवशी माझी कुठली चूक सांगू?" मी म्हटलं, ते तुम्ही ठरवा, मंगळवारपर्यंत वेळ आहे.

मेलवर आत्ताच सही केलेली प्रत आली. जमाखर्च दादा, उद्यमचा अर्ज भरतेय, एका ठिकाणी अडकलेय. व्यवसायाच्या कोडमध्ये शिक्षण निवडायचं की व्यवस्थापन सल्ला?

जमाखर्च

व्यवस्थापन सल्ला. शिक्षण टाकलंत तर पुन्हा सगळे दहावीचे क्लास समजतील. आणि काम मंगळवारी सुरू होतंय तर नोंदणी त्याआधी होऊ दे, आज रात्रीच भरा. अडलं तर इथेच विचारा, मी साडेअकरापर्यंत जागा आहे.

पाळी_तिसरी

ताई, ६० दिवसांनी जाऊन आलात की इथे लिहा. त्यांच्यातलं कोण बोलत राहिलं, ते वाचायचंय.